ताईच्या डोळ्यातला साप

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी वाचा.

कराडात आणि आसपास १९९८ ते २०१९ या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या मुंडावळ्या मी कॅमेऱ्यातून बघितल्यात. खांद्यावरच्या व्हीएचएसपासून सुरुवात केली, मग मिनी डीव्ही, मग डीव्हीडी, शेवटी कार्डवाले कॅमेरे. शूटिंग पण मीच, मिक्सिंग पण मीच. नवरानवरीच्या फोटोभोवती उडणारी बदामं, ती पण माझीच पापं. आता धंदा बंद केलाय, गुडघे साथ देत नाहीत. सांगायचं एवढंच की व्हिडिओ या वस्तूशी माझी बावीस-तेवीस वर्षांची घसट आहे.

तर झालं असं की मागच्या महिन्यात ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाच्यानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, पोरीचं काहीतरी असेल. पण त्यानं मोबाइल पुढं केला.

"मामा, तुम्ही या लाइनमधले. नीट बघून सांगा."

कुठल्यातरी अमेरिकन चॅनलवरची बातम्या देणारी बाई. क्लिप हळू केलेली, डोळ्यावर झूम, भोवती लाल गोल. पाठीमागे धडधड संगीत. बाईनं पापणी मिटली, उघडली, आणि एक क्षण बुबुळ उभ्या चिरेसारखं दिसलं. सापासारखं म्हणा ना. पुढच्या क्षणी परत नॉर्मल. खाली लिहिलेलं, 'ते आपल्यातच आहेत'.

मी हसलो. तो हसला नाही. मग त्यानं अजून पंधरा-वीस क्लिपा दाखवल्या. नेते, गायक, राजघराण्यातले लोक. कुणाची जीभ लांब, कुणाच्या गालावर खवले, कुणाची पापणी आडवी मिटते. भाचा तेवीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग झालंय, दोन वर्षं घरी बसून एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. ताईनं नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "पेपर वाचायचा बंद झालाय. म्हणतो चालू घडामोडी सगळ्या खोट्या, जग चालवणारे वेगळेच आहेत. रात्री तीन-तीनपर्यंत लाइट चालू असतो." तेव्हा माझं हसू गेलं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेव्हिड आइक नावाचे एक इंग्रज गृहस्थ आहेत. आधी फुटबॉलचे गोलकीपर, मग बीबीसीवर खेळाच्या बातम्या द्यायचे, काही काळ तिथल्या ग्रीन पार्टीचे प्रवक्ते. १९९१ साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत आपण देवाचे पुत्र असल्यासारखं काहीतरी बोलले आणि सगळा देश त्यांना हसला. १९९९ मध्ये त्यांचं एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात सिद्धांत असा की परग्रहावरून आलेले सरपटणारे जीव माणसाचं रूप घेऊन राजेरजवाडे, पंतप्रधान, बँकर बनून आपल्यावर राज्य करतायत. कल्पना त्यांची एकट्याची म्हणावी तर तसंही नाही. राजदरबारात माणसाच्या रूपात वावरणाऱ्या सर्पमानवांची गोष्ट रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकन लेखकानं १९२९ सालीच छापून आणली होती. १९८३ मध्ये अमेरिकेत 'व्ही' नावाची मालिका गाजली, त्यात पाहुणे माणसासारखे दिसतात आणि कातडी फाटली की आत हिरवे खवले. म्हणजे आधी गोष्ट आली, मग टीव्ही आला, आणि 'पुरावा' सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे रूप बदलणारा इच्छाधारी नाग आहेच की. श्रीदेवीचा 'नगीना' १९८६ चा, आमच्या पिढीनं व्हीसीआर भाड्यानं आणून बघितला. पण तो बघून कुणी तहसीलदाराच्या डोळ्यात टॉर्च मारायला गेलं नाही.

तिकडे मात्र हे बरंच लांब गेलं. २०१३ साली एका अमेरिकन जनमत चाचणीत ४ टक्के मतदारांनी सांगितलं की होय, असे जीव समाजावर ताबा ठेवून आहेत, आणि ७ टक्के म्हणाले नक्की सांगता येत नाही. काहींनी गंमत म्हणूनही हो म्हटलं असेल, चाचणीवाल्यांना कोण खरं सांगतं? २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधानांकडे, जॉन की यांच्याकडे, एकानं तिथल्या माहिती अधिकारात अर्ज केला की तुम्ही सरडा नाही याचा पुरावा द्या. ते म्हणाले, मी डॉक्टरलाही दाखवलं आणि जनावरांच्या डॉक्टरलाही, दोघांनी नाही म्हणून सांगितलंय. फेसबुकच्या झुकरबर्गलाही २०१६ मध्ये लाइव्हवर हा प्रश्न विचारला गेला आणि त्याला 'मी सरडा नाही' असं म्हणावं लागलं. त्याचीही क्लिप करून लोकांनी त्याची जीभ मोजली.

आता धंद्याचं बोलतो.

तुम्हाला वाटतं व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस फोटो. तसं नसतं. एवढे फोटो पाठवायचे तर मोबाइलचा डेटा सकाळी दहाच्या आत संपेल. म्हणून एक युक्ती असते. ती समजायला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा. दूधवाला रोज एक लिटर टाकतो. आपण रोज 'एक लिटर' असं लिहितो का? नाही. ज्या दिवशी खाडा, किंवा पाहुणे आले म्हणून दोन लिटर, तेवढंच लिहितो. बाकी 'कालच्यासारखं'. व्हिडिओ फाइल अशीच असते. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मधल्या चित्रांत फक्त बदल काय झाला त्याची नोंद. हा तुकडा डावीकडे सरकला, तो जरा काळा झाला, बाकी मागच्यासारखं. आता एखादा खाडा लिहायचा राहिला तर हिशोब महिनाअखेरपर्यंत चुकतच राहतो, नवीन महिन्याला पान उलटलं की परत सरळ. व्हिडिओतही तेच. मधली एक नोंद हरवली की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत तोंड वितळल्यासारखं दिसतं, नाक गालावर जातं, आणि मग एकदम ठीक. भाच्याच्या क्लिपांमधला 'रूप पालटण्याचा क्षण' म्हणतात तो निम्म्या वेळा हाच. केबल टीव्ही पावसात बघितलेल्यांनी अख्खी क्रिकेट टीम रूप पालटताना बघितली आहे.

खवल्यांचं सांगतो. फाइल लहान करताना चित्राचे चौकोन पाडतात, आठ बाय आठ ठिपक्यांचे, सोळा बाय सोळाचे. कातडीसारख्या सपाट जागेत बारकावा कमी, म्हणून तिथली माहिती आधी उडवली जाते. मग झूम केलं, वरून शार्पनेस मारला, की गालावर चौकोनी जाळी उठते. ते खवले. रंगाची माहिती तर आणखी कमी ठेवतात, चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. जुन्या छोट्या क्लिपमध्ये बातम्या देणाऱ्या बाईचा डोळा किती ठिपक्यांचा असेल? मी मोजले. बारा. रंगाच्या हिशोबानं तीन. त्या तीन ठिपक्यांवर हे लोक परग्रहावरच्या साम्राज्याचा खटला चालवतात.

आणि ती आडवी पापणी. जुन्या टीव्हीचं चित्र एकदम येत नसे. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या ओळी. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. एका अर्ध्या चित्रात पापणी वर, दुसऱ्यात खाली. कॉम्प्युटरवर घेताना ही दोन अर्धी एकत्र केली की एक पारदर्शक पडदा डोळ्यावरून सरकल्यासारखा दिसतो. आम्ही याला 'कंगवा आला' म्हणायचो आणि गिऱ्हाइकाच्या आधी तो काढायला रात्र घालवायचो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हा पुरावा आहे, तर मेहनत तरी वाचली असती!

उभी बाहुली? स्टुडिओत समोर उभा लाइट असेल, तर बुबुळात त्याची उभी पट्टी उमटते. धारदार चित्रात ती चमक म्हणून दिसते. बारा ठिपक्यांत ती बाहुलीत मिसळते. हल्ली मोबाइलवाल्या पोरी गोल लाइट वापरतात, त्यांच्या डोळ्यात रिंग दिसते. त्यांना कुणी ग्रह म्हणत नाही एवढंच.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण सगळेच योगायोग कसे?"

मग सापाकडे वळलो. बत्तीस शिराळा आमच्यापासून तासाभरावर. कोर्टानं बंदी घालायच्या आधी नागपंचमीला तिथं नाग किती जवळून बघितलेत. नागाची बाहुली गोल असते, काळ्या मण्यासारखी. धामणीची गोल. घोरपडीची गोल. उभी चीर असते घोणशीला, मगरीला, आणि आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीला. आणि सापाला पापणीच नसते. डोळ्यावर पारदर्शक कवच असतं, तो मिटूच शकत नाही. पालीलाही मिटता येत नाही, ती जिभेनं डोळा चाटून साफ करते. आडवी पापणी मगरीला असते, आणि कोंबडीलाही. म्हणजे या क्लिपांमधला प्राणी पालीची बाहुली, मगरीची पापणी आणि सापाची जीभ घेऊन आलाय. लोकांनी साप बघितलेलाच नाही, सापाची चित्रं बघितलीत.

यावर तो जरा गप्प झाला. पण मला माहीत होतं, गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे.

घरी आलो. कपाटातून २००९ सालच्या एका नात्यातल्या लग्नाची डीव्हीडी काढली. त्यात हळदीच्या वेळी ताई हसतेय असा चार सेकंदांचा तुकडा आहे. मांडवात उभी बांधलेली ट्यूबलाइट, वरून माझा हॅलोजन. तो तुकडा काढला, बारीक केला, बायकोच्या आणि माझ्या मोबाइलवरून सात वेळा इकडून तिकडे पाठवला. दर वेळी फाइल पुन्हा दाबली जाते. मग स्क्रीन रेकॉर्ड केला, वेग पाव केला, डोळ्यावर झूम. शपथेवर सांगतो, डोळ्यात मी माझ्या हातानं काहीही घातलं नाही. फक्त एक लाल गोल आणि धडधड संगीत.

बघताना मलाच कसंतरी झालं. डावा डोळा अगदी घोणशीचा. पापणी दोनदा मिटते, एकदा खालून, एकदा आडवी. कपाळावर खवले.

पुढच्या रविवारी भाच्याला दाखवलं. म्हणाला, "ही कोण? नवीन दिसतेय." मी मूळ तुकडा लावला. हळूहळू त्याचं तोंड बदललं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली, मागून वाकून बघितलं, म्हणाली, "माझं असलं तोंड कुठं टाकलंस तर बघ, पाय ठेवू देणार नाही घरात." (ताई, टाकलेलं नाही. फक्त लिहितोय.)

ती गेल्यावर भाचा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "म्हणजे आई पण?"

हसतच म्हणाला. पण पुरतं हसला नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण अमेरिकेत हे हसण्यावर संपलेलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये सिएटलला एका तरुणानं सख्ख्या भावाला तलवारीनं मारलं, भाऊ सरडा झालाय म्हणून. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका बापानं स्वतःच्या दोन लहान लेकरांना सीमेपलीकडे मेक्सिकोत नेऊन मारलं. तपास यंत्रणेला त्यानं सांगितलं की बायकोमध्ये सापाचा डीएनए आहे, तो पोरांत उतरलाय, पोरं राक्षस होतील. ही माणसं मनानं आजारी असतील, असतीलच. पण आजारी मनाला नेमका सापच कुणी दिला? तो आयता मिळाला होता, लाल गोलासकट. आणि आइकच्या पुस्तकांत सरड्यांच्या शेजारी कुठली पुस्तकं पुरावा म्हणून येतात तेही बघा. ज्यूंच्या जागतिक कटाचं म्हणून जे बनावट दस्तऐवज शंभर वर्षं फिरतंय आणि जे चोरून बनवलेलं आहे हे लंडनच्या 'टाइम्स'नं १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं, ते. 'अमुक लोक माणूस नाहीतच' हे वाक्य सरड्यांपासून सुरू होतं, पण तिथं थांबत नाही.

तेव्हा भाच्याला मी एक गोष्ट सांगितली, जी बायको सोडून कुणाला सांगितलेली नव्हती. इथेही लिहितो.

जून २०१८. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक क्लिप आली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एक पोर उचलतात आणि जातात. तुमच्यातल्या अनेकांनी बघितली असेल. ती कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला केलेली फिल्म होती. पुढच्या भागात ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाचा बोर्ड दाखवतात. तो भाग कापला होता. हे सगळं नंतर कळलं, असं मी लोकांना सांगतो. खरं असं की क्लिप मध्येच तुटते हे मला तेव्हाच दिसलं होतं. हालचाल अर्धवट असताना कट आहे, पुढं काहीतरी आहे, ही धंद्याची नजर होती. तरी मी ती सात ग्रुपना पाठवली, आणि वर स्वतःची ओळ लिहिली, 'हे लोक आपल्या भागात आलेत, सावध राहा'. का? माहीत नाही. पोरांच्या बाबतीत कशाला रिस्क, असं काहीतरी.

चार-पाच दिवसांनी आमच्याच गल्लीत एका भंगार गोळा करणाऱ्या बाईला पोरांनी अडवलं. आधार कार्ड दाखव, पोतं उघड. पोतं रस्त्यावर ओतलं. बाटल्या, पुठ्ठे, एक मोडका टेबलफॅन. मी गॅलरीत उभा होतो. एक पोरगं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरून क्लिप दाखवत होतं, आणि वरची ओळ मोठ्यानं वाचत होतं. माझी ओळ. शेजारच्या काकूंनी खाली जाऊन पोरांना हाकललं म्हणून ती बाई सुटली. मी गॅलरीतच होतो.

त्यानंतर १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारे समजून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. माझे सात ग्रुप त्याआधीचे.

माझी ओळ तिथं पोचली असं मी म्हणत नाही. कराड कुठं, राईनपाडा कुठं. पण मध्ये किती गॅलऱ्या होत्या, हे मला कोण सांगणार?

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं एक प्रश्न विचारला, आणि तो त्या सगळ्या क्लिपांपेक्षा हुशारीचा होता. "मामा, मग खरं-खोटं ओळखायचं कसं? हल्ली तर एआयवाले एकदम क्लिअर व्हिडिओ बनवतात. ठिपके मोजून काय होणार?"

बरोबर आहे त्याचं. ठिपक्यांची विद्या आता जुनी झाली. मी त्याला माझ्या परीनं एवढंच सांगितलं की दुसरी कॉपी शोध. ती बाई बातम्या देत होती तेव्हा हजारो घरांत टीव्ही चालू होते, कित्येकांनी रेकॉर्ड केलं असेल. साप तिच्या डोळ्यात असेल तर सगळ्या कॉप्यांत त्याच सेकंदाला दिसेल. एकाच फाइलमध्ये दिसत असेल तर साप फाइलमध्ये आहे. ओबामांच्या २०१२ च्या एका भाषणातल्या टकल्या सुरक्षारक्षकाची क्लिप अशीच गाजली होती, परग्रहवासी म्हणून. चांगल्या कॉपीत तो गालफडं वर आलेला एक टकला माणूस आहे, बास. व्हाइट हाउसकडून तर थट्टेनं उत्तर आलं होतं की असले रक्षक ठेवायची योजना असलीच तर ती बजेट कपातीत जाईल.

"पण ते म्हणतात चांगल्या कॉप्या नंतर साफ केल्यात."

"मग लेका, साप सापडला तरी पुरावा आणि नाही सापडला तरी पुरावा. असल्या परीक्षेत नापास कोण होणार? तुझ्या एमपीएससीला असं असतं तर तू कलेक्टर असतास."

यावर मात्र तो खरा हसला.

पटलं का? माहीत नाही. ताई सांगते लाइट अजून उशिरापर्यंत चालू असतो. निघताना त्यानं ती २००९ ची डीव्हीडी मागितली, स्वतः करून बघायचं म्हणाला, मामांनी मध्ये काही घातलं नाही कशावरून. दिली. डीव्हीडी ड्राइव्ह आमच्याकडे एकच चालू अवस्थेत आहे, तोही घेऊन गेला. अजून परत आणलेला नाही.